बाकुनावाचं पोट

नेनेत तबानाव निमिषच्या आयुष्यात आली ती छतातून. म्हणजे बाई प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरच उभी होती, पण आवाज असा आला की बर्नाबीचा डोंगर मुळापासून सुटलाय, गडगडत येताना वाटेतल्या दोन गोदामांतली सगळी पातेली त्याने गोळा केली आहेत आणि आता तो निमिषच्या पलंगावर टेकायला जागा शोधतोय. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. फ्रीजमधल्या दह्याने जागा बदलली. समोरच्या झाडावरचे कावळे उठले ते थेट सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेले, आणि त्यांची अवस्था बघून तिकडे कुणी पासपोर्टसुद्धा विचारला नाही. असं निमिष सांगतो. त्याची बायको ऊर्मी हिच्या म्हणण्याप्रमाणे वर एक बाई पातेलं वाजवत होती.

शनिवारची सकाळ होती आणि सूर्याला ग्रहण लागलं होतं, निदान बातम्यांत तसं सांगत होते. बर्नाबीवर आठवडाभर ढगांची अशी गोधडी पसरली होती की सूर्य जागेवर आहे की राजीनामा देऊन गेलाय हे कळायला मार्ग नव्हता. तरी निमिष पांढरीपांडे उपाशी होता. नागपूरहून आईचा व्हॉइस मेसेज आला होता: वेध लागलेत, काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, सुटल्यावर आंघोळ. बर्नाबीच्या वेळा तिने गल्लीतल्या गुरुजींना फोनवर शोधायला लावून काढल्या होत्या. ऊर्मी पुण्याची. ती ओट्याशी उभी राहून टोस्ट खात होती आणि मुद्दाम जास्त कुरकुरीत खात होती.

"एक देऊ का?"

"ग्रहण आहे."

"कुठंय? दाखव बरं."

तेवढ्यात छत कोसळलं, किंवा पातेलं वाजलं, ज्याचं त्याने ठरवावं.

"जाऊन सांग तिला," ऊर्मी म्हणाली. "तूच जा. मी खाल्लेलं आहे, मी ग्रहणात बाहेर पडणं बरं नाही."

निमिष जिना चढून गेला. भांडायचं कसं याची त्याने इंग्रजीत तयारी केली होती, पण दार उघडलं आणि ती तयारी वाया गेली. दारात त्याच्या खांद्याला जेमतेम लागेल अशी साठीची बाई उभी होती. अंगात जांभळा, लोकरीसारखा झुबकेदार गाऊन, एका हातात अख्खा बोकड मावेल अशी कढई, दुसऱ्यात डाव.

"खालचा ना तू?"

"हो. ते आवाजाचं जरा..."

"उशीर केलास," ती म्हणाली आणि त्याच्या हातात एक झाकण आणि लाटणं दिलं. "बाकुनावा गिळतोय. वाजव."

"कोण गिळतोय?"

"बाकुनावा! समुद्रातला साप. तोंड तळ्याएवढं. वर येतो आणि सूर्य नाहीतर चंद्र गिळतो. आपण आरडाओरडा केला की घाबरून ओकतो. तुमच्याकडे कोण गिळतं?"

"राहू," निमिष म्हणाला. उपाशी माणूस खरं बोलतो.

बाईने कढई खाली घेतली. बऱ्याच वर्षांनी भाचा भेटावा तशी ती त्याच्याकडे बघायला लागली. "मग तुम्ही काय वाजवता?"

"आम्ही... उपास करतो."

"त्याने सापाला काय फरक पडतो?"

या प्रश्नाला पांढरीपांडे घराण्यात आजवर कुणी उत्तर शोधलेलं नव्हतं. निमिषने झाकण वाजवायला सुरुवात केली. बाल्कनीत उभं राहून दोघांनी, कुणाला दिसत नसलेल्या सूर्यासाठी, ढगांच्या दिशेने असा काही दंगा केला की समोरच्या इमारतीतल्या एका माणसाने खिडकी उघडली, दोघांना नीट बघितलं आणि हळूच परत लावून घेतली. बऱ्याच वेळाने नेनेतने फोन बघितला आणि समाधानाने मान हलवली. "ओकला. ये, जेवून जा."

निमिष आंघोळ न करता जेवला. आईला त्याने हे अजून सांगितलेलं नाही.

नेनेत मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तीस-एक वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला ती कॅनडात आली, म्हातारी समाधानाने गेली आणि नेनेत एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसली. तेव्हापासून त्या क्लिनिकमध्ये डॉक्टर तीनदा बदलले, खुर्च्या दोनदा बदलल्या, नेनेत मात्र बदलली नाही. इलोइलोच्या माणसांची बोली लाडिक असते म्हणतात. ती भांडली तरी ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याला थोपटून झोपवतायत. नेनेत फोनवर म्हणायची, "आई गं, तुमची दाढ काढावी लागणार, तिन्ही मुळांसकट," आणि पलीकडचा माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवायचा. कुणाची अपॉइंटमेंट रद्द केली तर त्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. आणि सबंध कॅनडात 'पांढरीपांडे' हे आडनाव पहिल्याच फटक्यात बरोबर म्हणणारी ती एकटीच. नंतर ती ते म्हणायची थांबली आणि त्याला 'तोतो' म्हणायला लागली. इलोइलोकडे धाकट्या भावाला, पुतण्याला, बसच्या कंडक्टरला, सगळ्यांना तोतो म्हणतात. ऊर्मी झाली 'इंदाय'. दोघं तिला मानांग म्हणायला लागली, म्हणजे आपल्याकडे ताई म्हणतात तसं.

ती दर रविवारी चर्चला जायची आणि उरलेला आठवडा कप्तानला मानायची. कप्तान हा तिच्या बिसाया लोकांचा आकाशदेव. समुद्राची देवी मागवायान. या दोघांच्या नातवंडांनी आकाशावर चाल केली, कप्तानने वीज टाकली, पोरांचे तुकडे झाले. दगडी अंगाच्या पोराची बेटं झाली, सोन्याच्याचा सूर्य, तांब्याच्याचा चंद्र, आणि चांदीच्या पोरीच्या चांदण्या. "येशू आणि कप्तानचं भांडण नाही होत?" असं निमिषने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "का होईल? येशू माणसं सांभाळतो. कप्तानकडे हवामान आहे."

तिचं खरं भांडण होतं राजधानीशी. फिलिपिन्सच्या पुराणकथा म्हटलं की मॅनिलाकडच्या तागालोग लोकांचा देव बाथाला पुढे यायचा. बाकुनावाची गोष्ट सांगतानासुद्धा लोक खुशाल म्हणायचे की सुरुवातीला आकाशात असलेले सात चंद्र बाथालाने केले. "साप आमचा, समुद्र आमचा, चंद्र आमच्या डोक्यावरचा, आणि देव यांचा!" वर बिसाया माणूस मॅनिलात बोलायला लागला की त्याच्या उच्चारांना हसायचं. टीव्हीवर मोलकरीण असली की ती बिसायाच.

हे ऐकताना निमिषचे डोळे भरून आले. लग्नाच्या पंगतीत त्याने "काऊन, वाढून नाही राहिले का?" असं विचारलं होतं, तर ऊर्मीच्या सदाशिव पेठेतल्या मावश्यांनी ते वाक्य पुढे तीन वर्षं दिवाळीत एकमेकींना करून दाखवलं होतं.

"मानांग," तो म्हणाला, "तुम्ही बोला. मला समजून राहिलं."

जूनमध्ये कम्युनिटी हॉलवर फिलिपिनो लोकांचा मोठा कार्यक्रम व्हायचा. समितीचे अध्यक्ष रोदेल दिमायुगा हे रिअल इस्टेट एजंट होते. बर्नाबीतल्या निम्म्या बसस्टॉपांच्या बाकांवर त्यांचा हसरा फोटो होता, त्यामुळे निम्मी बर्नाबी रोज त्यांच्या दातांना टेकून बसायची. मनुष्य प्रेमळ, पण मॅनिलाचा. दरवर्षी नेनेत सांगायची, यंदा आमच्या बिसाया देवांचं काहीतरी ठेवा. दरवर्षी दिमायुगा म्हणायचे, "जरूर! आणि नेनेत, लुम्पिया मात्र तुझ्याच हातचे हवेत." लुम्पिया म्हणजे बोटाएवढे तळलेले रोल. असे लुम्पिया तळता तळता तिची वर्षं गेली होती.

या वर्षी मात्र समितीच्या बैठकीत तिने उठून जाहीर केलं की ती बाकुनावाची ॲनिमेशन फिल्म आणणार आहे. ॲनिमेशन कसं करतात याची तिला तेव्हा काहीही कल्पना नव्हती. दिमायुगांनी तिला पाच मिनिटं दिली आणि एक अट घातली. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी समितीला पूर्ण फिल्म दाखवायची. नाही दाखवली तर ती पाच मिनिटं लकी ड्रॉला.

"आणि नाही झालं तर?" निमिषने विचारलं.

"तर मग परत कधी मागायचं तोंड राहणार नाही. मरेपर्यंत लुम्पिया," नेनेत म्हणाली, आणि ते तिच्या त्या लाडिक आवाजातही लाडिक वाटलं नाही.

निमिष ॲनिमेशनमध्येच होता. त्याचं काम रिगिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या प्राण्याच्या आत न दिसणारी हाडं बसवायची, म्हणजे मग दुसऱ्याला त्याला हलवता येतं. हाडं नसली तर तो प्राणी म्हणजे नुसता पुतळा. गेली काही वर्षं निमिष व्हँकुव्हरच्या एका स्टुडिओत गाणाऱ्या कचऱ्याच्या ट्रकला हाडं बसवत होता. ट्रकला हाडं कशाला, असं नागपूरला प्रत्येक मामाने विचारून झालं होतं. त्या वसंतात मुलांना ट्रकचा कंटाळा आला, मालिका बंद पडली आणि निमिष घरी बसला. नेनेतने वरून हाक मारली तेव्हा तो दुसऱ्यांदा भांडी घासत होता, पहिल्यांदा स्वच्छ निघाली असूनही.

"करतोयस तर कर," ऊर्मी म्हणाली. "नाहीतरी तू घरी बसून माझे मसाल्याचे डबे लेबलं लावून ठेवलेस. मला आता हळद सापडत नाही."

मग सुरू झालं. नेनेत क्लिनिकमधून सुटली की खाली यायची, सोबत डबा असायचा, आणि निमिषच्या खुर्चीमागे उभी राहून विश्वाची रचना सांगायची. अडचण एवढीच होती की विश्वाची रचना रोज बदलायची.

"मानांग, सोमवारी सात चंद्र होते. मी सात केले. आता तुम्ही म्हणता एकच."

"सात आजीचे. एक मावशीचा."

"पण खरे किती?"

"आजी गावातली, मावशी किनाऱ्यावरची. किनाऱ्यावरून जास्त चांगलं दिसतं. पण आजीला राग येईल. सातच ठेव. सहा आधीच खाल्लेले दाखव."

आकाशदेव कप्तान निमिषने एका बैठकीत काढला आणि खूश होऊन ऊर्मीला दाखवला. ऊर्मीने चष्मा लावून बघितलं. "छान आहे. प्रसादाला शिरा करू का?"

"म्हणजे?"

"अरे, हा सत्यनारायण आहे! मुकुट काय, शेला काय. चौरंग तेवढा राहिला."

निमिषने मुकुट काढला. शेला काढला. तरी चेहऱ्यावरचं ते मंद हसू काही जाईना. कॅलेंडरं बघत वाढलेल्या हाताला देव काढ म्हटलं की तो तेच काढतो. शेवटी नेनेतने स्वतःच्या आजोबांचा फोटो आणला. ते बारीक अंगाचे, दंडापासून छातीपर्यंत गोंदलेले आणि कॅमेऱ्यावर चिडलेले होते. तो कप्तान झाला, आणि मग तो बरोबर वीज टाकणाऱ्यासारखा दिसायला लागला.

बाकुनावावर तर दोघांनी जीव टाकला. डोळे तांबारलेले, जबड्याच्या दोन्ही बाजूंना कल्ले, जीभ रक्तासारखी. दातांच्या बाबतीत नेनेत ऐकायला तयार नव्हती. सगळी हयात दातांच्या एक्स-रेंमध्ये गेलेली बाई ती. "हा सुळा इथे नाही येत, तोतो. अशाने त्याला चंद्र पकडताच येणार नाही, जबड्याची अलाइनमेंट बघ." बाकुनावाचे दात इतके नीट लागले की त्याला दोनदा मुद्दाम किडवावं लागलं. काम रोज दाखवायचं म्हणजे हे तोंडच दाखवायचं. लाटांतून वर येणारं, आ वासणारं, चंद्रावर झडप घालणारं. नेनेत टाळ्या वाजवायची. ऊर्मीसुद्धा एकदा दचकली.

समितीच्या रविवारला आठवडा असताना नेनेतने आपल्या घरी इलोइलोकडच्या तीन मैत्रिणींना बोलावलं. जोडलेली फिल्म पहिल्यांदाच सलग बघायची होती. तिघीही पातेली घेऊन आल्या होत्या. नेनेतचा बेत असा होता की कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यावर चंद्र गिळला गेला की सगळ्या हॉलने भांडी वाजवायची, आणि वाजवली की चंद्र सुटायचा. तिची फिल्म होती ती एवढ्याचसाठी.

दिवे घालवले. समुद्र आला, कप्तान आला, एकटा उरलेला चंद्र आला. लाटा दुभंगल्या आणि ते तोंड वर आलं. मैत्रिणी किंचाळल्या. बाकुनावाने चंद्र गिळला. काळोख. नेनेतने डाव उचलला, तिघींनी उचलले, आणि पहिला ठोका पडायच्या आत चंद्र बाकुनावाच्या मानेखालून टुपकन बाहेर पडला.

मानेखाली काही नव्हतं. आकाशात एक भलंमोठं, सुंदर दातांचं डोकं तरंगत होतं.

 मग नेनेत अतिशय गोड आवाजात म्हणाली, "तोतो, याचा बाकीचा कुठे आहे?"

"बाकीचा?"

"साप आहे तो. पोट कुठे आहे? शेपूट कुठे आहे?"

निमिषने फिल्म मागे नेऊन पुन्हा बघितली. दोन महिने त्याने ते डोकं घडवलं होतं आणि त्याला धड असायला हवं हे एकदाही सुचलं नव्हतं. ग्रहण म्हणजे एक तुटलेलं मुंडकं, हे त्याच्या डोक्यात इतकं लहानपणी बसलं होतं की तिथे हाड बसवायला जागाच नव्हती.

"आमच्याकडे," तो अडखळत म्हणाला, "राहू अमृत प्यायला देवांच्या पंगतीत बसला. विष्णूने त्याचं डोकं उडवलं. म्हणून तो गिळतो, पण खाली धडच नाही ना, त्यामुळे गिळलेलं आपोआप..."

"गळून पडतं."

"हो."

"मग आम्ही काय वाजवत बसायचं?" नेनेतचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुमच्या देवाने आधीच सगळं काम करून ठेवलंय. तुम्ही नुसतं थांबायचं. आमच्याकडे कुणी येत नाही, तोतो! कप्तान येत नाही. कुणीच नाही. चंद्र त्याच्या पोटात जातो आणि माणसांनी वाजवलं नाही तर तो गेला. सहा गेले! आमच्या आज्या वाजवत होत्या म्हणून एक राहिला. ते तू काढून टाकलंस, मग राहिलं काय? दात?"

मैत्रिणींनी आपापली पातेली मांडीवर घेतली. एकीने हळूच विचारलं की लुम्पियाचं पीठ यंदा किती लागेल. नेनेतने तिच्याकडे असं बघितलं की ती उठून वॉशरूमला गेली.

निमिष खाली आला आणि ऊर्मीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते, पण दाबलं.

"शेपूट पाण्यात लपव ना. फक्त मान दाखव, काम भागेल," ती म्हणाली. सदाशिव पेठेत काटकसर अशी रक्तात असते.

"नाही भागत. पोट दिसायला पाहिजे. चंद्र गळ्यातून खाली जाताना दिसायला पाहिजे, पोटात अडकायला पाहिजे, आणि वाजवल्यावर उलटा वर यायला पाहिजे. अख्खा साप लागते." निमिष घाबरला की नागपूर वर यायचं.

"मग बसव हाडं. तेच तर येतं तुला."

त्या आठवड्यात पांढरीपांड्यांच्या घरात साप होता. मणक्याला मणका जोडून निमिष तो लांबवत होता, पण गिळलेला गोळा अंगातून सरकताना कातडं कसं ताणलं जातं ते काही केल्या जमेना. चंद्र सापाच्या आत न जाता सापावर सूज आल्यासारखा दिसायचा. शेवटी त्याने फळांच्या टोपलीतलं मोठ्यात मोठं संत्रं घेतलं आणि ऊर्मीच्या थर्मल लेगिंगच्या पायात टाकलं.

"ती माझी विंटरची आहे!"

"जून आहे."

"मग मी पुढच्या विंटरला संत्र्याच्या मापाची लेगिंग घालायची?"

दारावर टकटक झाली. त्या दिवसापासून न बोललेली नेनेत डबा घेऊन उभी होती. तिने लेगिंग बघितली, संत्रं बघितलं, डबा ठेवला आणि लेगिंगचं दुसरं टोक घट्ट धरलं. निमिष संत्रं ढकलत होता, नेनेत ओढत होती, आणि ऊर्मी फोनवर व्हिडिओ काढत होती.

"हळू! गिळतोय तो, पळत नाहीये," नेनेत म्हणाली.

"मानांग, तुम्ही ढिली सोडा ना जरा."

"मी सापाचा घसा आहे. घसा ढिला नसतो. डेंटिस्टला विचार."

संत्रं गुडघ्याजवळ अडकलं, कातडं ताणलं, मागे सुरकुती पडली. निमिष ओरडला, "हेच! हेच पाहिजे!" आणि नेनेतने इतक्या जोरात ओढलं की लेगिंग उसवली. ऊर्मीने व्हिडिओ बंद केला आणि दोघांना उद्देशून एक सविस्तर पुणेरी वाक्य उच्चारलं. नेनेतला त्यातला शब्द कळला नाही, पण आपल्या माणसाने ओरडावं तशी ती खूश झाली.

रविवारी समितीने फिल्म पाहिली. दिमायुगांना आवडली. फक्त त्यांनी विचारलं की लोकांच्या ओळखीचा म्हणून बाथाला कुठे घालता येईल का. "तो त्या आठवड्यात सुट्टीवर आहे," नेनेत गोड आवाजात म्हणाली, आणि दिमायुगांनी सवयीने थँक्यू म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. नेनेतने केशरी गाऊन घातला होता आणि लुम्पिया दुसऱ्या कुणीतरी केले होते, ते मऊ पडले होते, हे ती प्रत्येकाला सांगत होती. बिसाया मंडळी पातेली घेऊन मागच्या रांगांत बसली होती. पुढचे मॅनिलावाले मागे वळून बघत होते. निमिषचा लॅपटॉप स्टेजखालच्या टेबलावर होता. ऊर्मीने घरून कढई आणली होती, लग्नात आईने दिलेली, पण ती पिशवीतून बाहेर काढायला तयार नव्हती.

दिवे गेले. समुद्र, कप्तान, चंद्र. लाटा दुभंगल्या आणि बाकुनावा वर आला. मग येतच राहिला. मानेमागून पोट आलं, पोटामागून शेपूट, पडदा पुरेना. त्याने चंद्र गिळला. तांबूस गोळा गळ्यातून सरकत पोटात गेला आणि तिथे मिणमिणत राहिला. नेनेतने डाव मारला. मागच्या रांगांनी मारले. आता चंद्राने वर सरकायचं.

चंद्र हलला नाही.

लॅपटॉप अडकला होता. पडद्यावर साप गार पडला होता आणि चंद्र त्याच्या पोटात. निमिषने बटणं दाबली. काही नाही. तो टेबलाखाली शिरला, वायर हलवली, डोकं आपटलं. वर नेनेतला काय झालंय ते माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की साप ओकत नाहीये. "जोरात!" ती पुढच्या रांगांकडे वळून ओरडली, आणि त्या आवाजात इलोइलोचा लाडिकपणा औषधालाही नव्हता. "बसलात काय? गेला ना तो!"

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पर्सने खुर्ची बडवायला सुरुवात केली. मग लुम्पियाचे रिकामे ॲल्युमिनियमचे ट्रे वाजले. पोरं जमिनीवर पाय आपटायला लागली. दिमायुगांनी माइक टेबलावर ठोकला, तो चालू होता, त्या आवाजाची कळ सगळ्यांच्या दातांत गेली. शेजारच्या खोलीत बॅडमिंटन खेळणारे ज्येष्ठ नागरिक रॅकेटं घेऊन दारात आले, काय चाललंय ते न विचारताच वाजवायला लागले. आणि या सगळ्यात कढईवर झाऱ्याचा खणखणीत आवाज आला. ऊर्मी खुर्चीवर उभी होती.

टेबलाखालून बाहेर आल्यावर निमिषला कळलं की लॅपटॉप अपडेट मागतोय. खिडकी फिल्मच्या मागे दडली होती. तो बाण तिथे नेत होता आणि तोंडाने, स्वतःला ऐकू येण्याआधीच, नागपूरच्या आळीत ग्रहणाला ऐकलेलं ओरडत होता, "दे दान, सुटे गिराण!" बाण 'नंतर' या शब्दावर गेला. दाबलं.

चंद्र सरकला. पोटातून गळ्यात, गळ्यातून जबड्यात, आणि बाकुनावाने तो असा ओकला की हॉलमधले लोक उभे राहिले. मॅनिलावाले, बिसाया, बॅडमिंटनवाले, सगळे. फिल्म संपली, श्रेयनामावली गेली, दिवे लागले तरी लोक वाजवतच होते.

"बघितलंस?" नेनेत निमिषचा दंड धरून रडत म्हणत होती. "आपल्या वाजवण्याने सुटला."

निमिषने तोंड उघडलं, ऊर्मीने त्याच्या पायावर पाय दिला, आणि तो म्हणाला, "हो मानांग."

दिमायुगांनी तिथेच स्टेजवरून जाहीर केलं की पुढच्या वर्षी नेनेतला दहा मिनिटं, आकाश-समुद्राच्या नातवंडांची सगळी गोष्ट, बाथालाशिवाय. त्या रात्री नेनेतने केलेल्या फोनांवरून अख्ख्या इलोइलोला हे कळलं असावं.

ऑक्टोबरात निमिषला टोरोंटोच्या एका बँकेत, ॲपमधली बटणं हलती करायचं काम मिळालं आणि दोघं तिकडे गेली. नेनेत विनिपेगला बहिणीकडे राहायला गेली. नव्या फिल्मसाठीच्या नातवंडांपैकी तोवर सोन्याचा मुलगा पूर्ण झाला होता, दगडाचा अर्धा. पुढच्या जूनमध्ये तो हॉल छताच्या दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे त्या वर्षी कार्यक्रम झाला नाही.